पटावरचं नाव: शाळा निवडण्याआधी एका रजिस्टरचा इतिहास

मुलाला पहिलीत कुठे घालायचं? जळकोटसारख्या गावात हा प्रश्न आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद हायवेवरचं हे गाव. एका अंगाला नळदुर्ग, दुसऱ्या अंगाला उमरगा. पालकांपुढे जिल्हा परिषदेची शाळा असते, अनुदानित संस्थेची शाळा असते, आणि पिवळ्या बसमधून जायचं इंग्लिश मीडियमही असतं. मग चौकशी सुरू होते. फी किती? इंग्रजी कधीपासून? निकाल कसा? शेजाऱ्याचा पोरगा कुठे जातो?

माझ्या संशोधनाचा विषय मराठवाड्यातल्या प्राथमिक शाळांचा इतिहास हा आहे. तो शिकताना मला एक गोष्ट लक्षात आली: आपण शाळेची इमारत बघतो, गणवेश बघतो, पण ज्या वहीवर शाळा उभी असते ती वही बघत नाही. ती म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवही. आपल्याकडे कुणी तिला जनरल रजिस्टर म्हणतं, जुनी माणसं दाखल-खारीज म्हणतात. शाळेत प्रवेश कुणाला मिळतो आणि शाळा कशी चालली आहे, हे दोन्ही प्रश्न या वहीतूनच सुरू होतात. म्हणून आज तिचाच इतिहास सांगतो, आणि शेवटी तुमच्या कामाचं बोलू.

वहीत रकाने साधेच असतात. अनुक्रमांक, नाव, जात-धर्म, जन्मस्थळ, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. तुमच्या घरात आजोबांची, चुलत्यांची जन्मतारीख 1 जून आहे का? बऱ्याच घरांत असते. ते काही सगळे एकाच दिवशी जन्मले नव्हते. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराचं वय भरायला हवं असायचं, आणि घरच्यांना तारीख माहीत नसायची. मग गुरुजी लिहायचे, 1 जून. त्या एका ओळीवर पुढे नोकरी लागली आणि निवृत्तीही ठरली.

पण ही ओळ लिहून घेणं सगळ्यांच्या नशिबात नव्हतं. आधी शेजारच्या ब्रिटिश मुलखातली गोष्ट बघू, मग आपल्याकडे येऊ.

1856 साली धारवाडमध्ये एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. शाळा सरकारी, पैसा सरकारी, तरी प्रवेश नाकारला गेला. मुंबई सरकारचं म्हणणं साधारण असं होतं: न्याय मुलाच्या बाजूने आहे खरा, पण एकासाठी बाकीच्यांची नाराजी ओढवून घेतली तर शाळाच ओस पडेल. प्रकरण लंडनपर्यंत गेलं. 1858 मध्ये कंपनीच्या संचालकांनी सांगितलं की सरकारी शाळा सगळ्या वर्गांना खुल्या आहेत. म्हणजे तत्त्व कागदावर आलं. गावात मात्र वही गुरुजींच्या आणि गावकीच्या हातात राहिली.

1882 मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल कुणब्याच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, हा त्यांचा मुद्दा होता. प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, ही मागणी त्यांनी तेव्हा केली.

7 नोव्हेंबर 1900. सातारच्या सरकारी हायस्कूलच्या (आजचं प्रतापसिंह हायस्कूल) रजिस्टरमध्ये 1914 या क्रमांकावर एक नाव चढलं: भिवा रामजी आंबेडकर. इंग्रजी पहिलीचा वर्ग. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण एवढंच सांगून थांबलं तर इतिहास अर्धा राहतो. वहीत नाव चढलं तरी वर्गात त्या मुलाला वेगळं, स्वतःच्या गोणपाटावर बसावं लागे. पटावर असणं आणि वर्गात असणं यांत अंतर असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड लावला. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. प्रवेश हा गुरुजींच्या मर्जीचा नाही, राज्याच्या जबाबदारीचा विषय आहे, हे तिथे हुकुमाने ठरलं.

आता आपल्याकडे या. सोलापूर आणि जळकोट एकाच रस्त्यावर, पण सोलापूर ब्रिटिशांचं आणि जळकोट निजामाचं. मधल्या काळात 1853 ते 1860 अशी सात वर्षं हा नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या कारभाराखाली होता, मेडोज टेलर इथला अधिकारी होता. मग मुलूख पुन्हा हैदराबादकडे गेला आणि 1948 पर्यंत तिकडेच राहिला.

हैदराबाद संस्थानात 1884 मध्ये फारसीच्या जागी उर्दू कारभाराची भाषा झाली. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारं विद्यापीठ म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि ते रास्तही होतं. पण ती देशी भाषा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराच्या घरची नव्हती. खालच्या वर्गात मराठी चालायची, पुढे शिकायचं तर उर्दू आलीच पाहिजे. इथे दार जातीने अडत होतंच, वर भाषेनेही अडत होतं. खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगीचं लफडं होतं. तरीही लोक थांबले नाहीत. आपल्या शेजारच्या, आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा (रवा) इथे 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा उभी राहिली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ झालेले व्यंकटेश खेडगीकर याच शाळेत मुख्याध्यापक होते. नंतर ते अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत गेले आणि तिथून हैदराबाद मुक्तिसंग्रामात. आपल्या भागाच्या राजकारणाची एक मोठी वाट शाळेच्या वर्गातून निघाली, ही गोष्ट शाळा निवडताना आठवायला हरकत नाही.

एकूण चित्र मात्र बिकट होतं. 1951 च्या जनगणनेत देशाची साक्षरता 18 टक्क्यांच्या आसपास होती, हैदराबाद राज्याची जवळपास त्याच्या निम्मी. म्हणजे आपल्या पणजोबा-पणजीच्या पिढीतल्या दहांपैकी नऊ जणांचं नाव कुठल्याच पटावर नव्हतं.

2023 पासून कुणबी नोंदी शोधताना मराठवाड्यात हीच गोष्ट पुन्हा समोर आली. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात महसुली कागदांबरोबर जुनी शाळा रजिस्टरंही तपासली गेली. ज्यांचे पूर्वज शाळेत गेले त्यांच्याकडे ओळ, जे गेले नाहीत त्यांच्याकडे कोरा कागद. तुम्हीही जुनी नोंद शोधत असाल तर एक किल्ली देतो. निजामकालीन तारखा बहुधा फसली सालात असतात. वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आझूर महिन्यापासून सुरू व्हायचं. फसली सालात 590 मिळवा, म्हणजे ते वर्ष कुठल्या इसवी सनात सुरू झालं ते कळतं. उदाहरणार्थ 1357 फसली म्हणजे ऑक्टोबर 1947 ते ऑक्टोबर 1948. पोलीस ॲक्शनचं साल.

1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. गावोगाव, वस्तीवस्तीवर शाळा झाली. नाव चढणं सोपं झालं. आणि इथे कथेला वेगळंच वळण लागलं: आता नावं गरजेपेक्षा जास्त चढू लागली!

कारण पटावर शिक्षक ठरतात, तुकड्या ठरतात, अनुदान ठरतं. पट वाढला की पद वाढतं. 2011 मध्ये नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी पटपडताळणी केली आणि प्रत्यक्षात नसलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने सापडले. मग 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत सगळ्या राज्यात एकाच वेळी पडताळणी झाली. एका शाळेतली मुलं दुसरीकडे नेऊन बसवू नयेत म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली, मतदानाला लावतात तशी. एकेकाळी पोर दारात उभं होतं आणि वही नाव घेत नव्हती. आता वहीत नाव होतं आणि पोरच नव्हतं.

आधारशी जोडलेल्या ऑनलाइन नोंदींमुळे हा खेळ आता अवघड झाला आहे. पण पटावरचं पोर खरं असलं, रोज येत असलं, तरी ते शिकतंय का? शाळेच्या कामगिरीचा खरा प्रश्न हाच, आणि त्याची मोजपट्टी दर पिढीला बदलत आली. ब्रिटिश मुलखात डेप्युटी साहेब यायचे, पोरांची परीक्षा घ्यायचे, आणि अनुदानित शाळेचे पैसे निकालावर ठरायचे. नंतर चौथीची स्कॉलरशिप ही गावाची मोजपट्टी झाली. कुणाचा पोरगा स्कॉलरशिपला लागला, त्यावर गुरुजींचं नाव. पण त्यात वर्गातल्या दोघा-चौघांचंच मोजमाप व्हायचं, शेवटच्या बाकाचं नाही. 2005 पासून 'असर' सर्वेक्षण आलं. ते शाळेत न जाता घरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा साधा उतारा वाचायला देतं. दरवेळी दिसतं की पाचवीत असूनही तो उतारा वाचू न शकणारी मुलं पुष्कळ आहेत. पण एक सांभाळा: 'असर' जिल्ह्याचं आणि राज्याचं चित्र देतं, तुमच्या गावातल्या शाळेचं प्रगतिपुस्तक नाही. 'झेडपीच्या शाळा वाईट, असरमध्ये आलंय' असं म्हणणं म्हणजे जिल्ह्याच्या सरासरी पावसावरून आपल्या रानातली ओल ठरवणं.

मग शाळा ठरवताना काय विचाराल? या इतिहासातून मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, दाराची. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. पहिलीला किंवा त्याआधीच्या वर्गाला प्रवेश देताना मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही. देणगी मागता येत नाही. जन्मदाखला नाही म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाला परत पाठवता येत नाही. दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. विनाअनुदानित खासगी शाळांत पहिल्या वर्गाच्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात, अर्ज ऑनलाइन आणि निवड सोडतीने. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 ला तो बदल रद्द केला. म्हणजे धारवाडच्या त्या मुलाचं प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही.

दुसरी, वाचनाची. चकचकीत बोर्ड बघू नका, तिसरीच्या वर्गात जा. पुढच्या बाकावरच्या नाही, मागच्या बाकावरच्या पोराला दुसरीच्या पुस्तकातलं एक पान वाचायला सांगा, दोन अंकी वजाबाकी घाला. जमलं तर शाळा शिकवते आहे, मग ती पत्र्याची असो की टाइल्सची. माध्यम कुठलंही असो, त्या भाषेत पोर स्वतःचं वाक्य बोलतं का, तेही बघा. निजामाच्या काळात घरची भाषा सोडून शिकावं लागण्याची किंमत आपल्याच लोकांनी मोजली आहे.

तिसरी, पटाची. केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. (राज्याचे संचमान्यतेचे नियम मधूनमधून बदलतात, ते पंचायत समितीत विचारा.) आता हिशोब करा. पट 62 आहे, तिघं गुरुजी आहेत. दोन घरांनी पोरं काढून नेली. पट 60. तिसरं पद धोक्यात. उरलेल्या साठ मुलांना, पाच वर्गांना दोन शिक्षक. मग शिकवणं ढासळतं, आणखी दोन घरं निघतात. शाळा वाईट म्हणून पट घसरतो, की पट घसरला म्हणून शाळा वाईट होते? माझ्या अभ्यासात मला याचं एका ओळीचं उत्तर मिळालेलं नाही. दोन्ही एकमेकांना ओढत नेतात.

आपल्या लेकरासाठी चांगलं बघणाऱ्या आई-बापाला मी दोष देणार नाही. पण निर्णय घेण्याआधी एकदा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जाऊन बसा. कायद्याने तिथले पाऊण सदस्य पालकच असतात आणि निम्म्या महिला. पट किती, रोजची हजेरी किती, मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे चार आकडे मागा. आईलाही बरोबर न्या. जूनला वेळ थोडा आहे.