पेंढा, पिंड आणि शिरका

चोर आणि शिरका यांचा एकमेकांशी काय संबंध, असे आपण विचाराल. आपल्या भोपाळच्या आसमंतात गाजलेल्या एका शब्दाने ती गाठ घातली आहे. तो शब्द म्हणजे पेंढारी.

जॉन मॅल्कमने १८२३ साली मध्य हिंदुस्थानावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘पिंड’ नावाचे एक मादक पेय होते, त्याच्या गुत्त्यावर ही मंडळी सदा पडलेली असत, म्हणून ते पेंढारी, अशी व्युत्पत्ती त्याने दिली. पेंढाऱ्यांचा पुढारी करीमखान यानेही आपल्याला दुसरे कारण ठाऊक नसल्याचे सांगितले, अशी पुस्तीही जोडली. पुढे विल्सनने मराठी ‘पेंढा’ पुढे केला. पेंढा आणणारा, फौजेच्या घोड्यांसाठी वैरण गोळा करणारा, तो पेंढारी. पंडितांत एकमत झाले नाही. मराठी उच्चारातला ‘ढ’ मात्र पेंढ्याकडे झुकतो.

दोन्ही अर्थ शेजारी ठेवून पाहा. एकात माणूस दारुडा ठरतो, दुसऱ्यात कामकरी. पेंढारी शिंदे-होळकरांच्या फौजांबरोबर चालत. त्यांना पगार नसे, पोट लुटीवर. उलट सरकार त्यांच्याकडून ‘पालपट्टी’ घेई. गावे जळत होती, रयत भरडली जात होती, हे खरेच. पण त्या लुटीचा वाटा दरबारीही पोचत होता. आपल्यापैकी अनेकांची घराणी त्याच फौजांच्या मागोमाग नर्मदेपलीकडे आली, हे विसरून चालणार नाही. १८१७-१८ मध्ये कंपनी सरकारने लाखाहून अधिक फौज उतरवली. १८१८ साली भोपाळच्या नवाबाने कंपनीशी तह केला. करीमखान शरण गेला, चितूला असीरगडाजवळच्या रानात वाघाने मारले. माणसे संपली, शब्द उरला; आणि तोही केवळ ‘लुटारू’ एवढ्याच अर्थाने.

आता आंबटाकडे वळू. मादक पेय आंबवूनच होते, आणि आंबणे लांबले की त्याचा शिरका होतो. ‘शिरका’ फारसीतून आला. त्याआधी आपल्याकडे संस्कृतातले शुक्त होते, चुक्र होते. आपल्या भाजीतला आंबट चुका याच ‘चुक्रा’चा वारस. कांजी कोकणात भाताची पेज, तर इथे होळीला मोहरी घालून आंबवलेले पाणी. हरभऱ्याच्या शेतात रात्री फडके पसरून पहाटे दवासह टिपलेला आंबट रस म्हणजे ‘आंब’. पोटदुखीवर तो घरोघर जपून ठेवीत. गोव्यात पोर्तुगीजांचा शिरका आणि लसूण यांच्या जोडीतून विंदालू झाले.

यातला भेद ध्यानात घ्या. आंबटाची नावे बहुधा पदार्थ करणाऱ्याने ठेवली. म्हणून त्यांत शेत आहे, फडके आहे, मोहरी आहे. चोरांची नावे मात्र फिर्यादीने ठेवली. म्हणून त्यांत माणूस दिसत नाही, आरोप दिसतो.

हा आरोप कायद्यातही उतरला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या विस्तारांनी जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘राजपूत भामटा’ हे नाव आजही आहे, आणि आपण घरात लबाड पोराला सहज ‘भामट्या’ म्हणतो. लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले, तेव्हा फिर्यादीचा शब्द आरोपीच्या तोंडी आला. १९८८ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

नेहरू नगरातल्या आपल्या घरांतून जुने मराठी शब्द आपण निगुतीने जपले आहेत. बरणीतला जिन्नस काढण्याआधी आपण वास घेऊन पाहतो. शब्द काढतानाही तेवढे करावे: हा कोणी घातला, आणि कोणासाठी, एवढे विचारावे.