डोके-मान परिचर्या

डोके-मान परिचर्या : तोंड, जीभ, जबडा, घसा, स्वरयंत्र, लाळग्रंथी इत्यादी भागांच्या विकारांत, मुख्यतः कर्करोगात, रुग्णाची केली जाणारी विशेष शुश्रूषा. श्वास, घास आणि आवाज या तिन्हींची वाट याच भागातून जाते. त्यामुळे एका शस्त्रक्रियेने तिन्हींना धक्का बसू शकतो आणि चेहराही बदलतो. ब्रिटनमध्ये या कामासाठी विशेषज्ञ परिचारिकेचे स्वतंत्र पद असते. भारतात असे पदनाम सहसा आढळत नाही. हे काम कर्करोग रुग्णालयांतील वॉर्ड, बाह्यरुग्ण विभाग आणि किरणोपचार विभागातील सिस्टर व ब्रदर करतात.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात या परिचर्येची गरज मुख्यतः तंबाखू आणि सुपारीमुळे निर्माण होते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. त्यांतील बहुतेकांचे सेवन धूरविरहित, म्हणजे मळलेली तंबाखू, मावा, खर्रा, गुटखा किंवा मशेरी अशा रूपांत होते. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नोंदवले आहे. सुपारीमुळे गालाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, ही त्याची सोपी तपासणी आहे.

शिक्षण : जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंगनंतर भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमानुसार कर्करोग परिचर्येची एक वर्षाची पदविका घेता येते. मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालय हे या विषयाचे प्रमुख केंद्र आहे. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. डोके-मान विभागातले बारकावे मात्र बहुतांशी वॉर्डातच, अनुभवी सिस्टरच्या हाताखाली शिकले जातात.

शस्त्रक्रियेनंतरचे काम : जबडा किंवा जीभ काढल्यावर ती जागा हाताची, मांडीची किंवा छातीची त्वचा लावून भरतात. जबड्यासाठी पायाचे बारीक हाडही वापरतात. या जोडाला ‘फ्लॅप’ म्हणतात. पहिले दोन-तीन दिवस तो वरचेवर, सुरुवातीला तासातासाला पाहावा लागतो. फ्लॅप फिकट व गार पडला, तर रक्त आत येत नाही असा संशय घेतात. निळसर होऊन फुगला, तर रक्त बाहेर जात नसावे. बोटाने दाबून सोडल्यावर रंग किती वेळात परततो, हेही पाहतात. शंका आल्यास सकाळच्या राउंडची वाट न पाहता सर्जनला बोलावतात, कारण उशीर झाल्यास फ्लॅप वाचत नाही. मानेत रक्तवाहिन्यांचा जोड असल्यामुळे श्वासनळीच्या छिद्रातील नळीची फीत घट्ट बांधत नाहीत. ही नळी कफाने बंद होऊ नये म्हणून सक्शन करतात, पण एका खेपेस दहा-पंधरा सेकंदांहून अधिक नाही. रुग्णाला बोलता येत नसल्याने पाटी-पेन्सिल आणि हाक मारण्यासाठी घंटी हाताशी ठेवतात. आरसा कधी द्यायचा, हे रुग्णाच्या तयारीवरून ठरवतात. पहिल्यांदा पाहताना त्याला एकटे सोडत नाहीत.

किरणोपचारातील काम : उपचार सहसा आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलते, लाळ आटते आणि चव जाते. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ व चमचाभर खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा भरायला सांगतात. वजन दर आठवड्याला नोंदवतात. जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या काड्या दातांत एकावर एक रचून तोंड उघडण्याचा व्यायाम करून घेतात.

घरच्यांचे शिक्षण : डिस्चार्जनंतर परिचारिकेचे काम घरच्या माणसाच्या हाती जाते. नाकातल्या नळीने अन्न देण्याआधी नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे ना, हे पाहायचे. रुग्णाला उठवून बसवायचे. नाचणीची पेज, वरण, दूध बारीक गाळून, कोमट करून सावकाश सोडायचे. नंतर पाण्याने नळी धुऊन काढायची आणि रुग्णाला अर्धा-पाऊण तास आडवे होऊ द्यायचे नाही. खोकला आला किंवा धाप लागली, तर तिथेच थांबायचे. नळी निसटली, तर ती स्वतः आत सारायची नाही. हे सारे नातेवाइकाने सिस्टरसमोर स्वतः करून दाखवल्यावरच शिकवणे पुरे झाले असे मानतात. नुसती मान डोलावणे पुरत नाही.

जालना परिसर : मस्तगड हा जालना शहरातील, १७२५ मध्ये काबिलखानाने बांधलेल्या किल्ल्याचा परिसर. येथील रुग्णाला सुमारे ६० किमी अंतरावर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. मुंबईला जायचे, तर रेल्वेने रात्रभराचा प्रवास होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पात्र कुटुंबांच्या शस्त्रक्रियेचा व किरणोपचाराचा खर्च भागतो, पण परतल्यानंतरची रोजची शुश्रूषा घरातच करावी लागते. मध्यरात्री नळी तुंबली, तर मस्तगडच्या घरात मदतीला येते ते डिस्चार्जच्या आधी वॉर्डात गिरवून घेतलेलेच.