सरोज, कल्पना

सरोज, कल्पना : (१९६१– ). भारतीय उद्योजक. मुंबईच्या कमानी ट्यूब्स या बंद पडलेल्या धातुनळ्यांच्या कंपनीचे पुनरुज्जीवन करून कामगारांची थकीत देणी फेडणाऱ्या उद्योजक म्हणून त्या ओळखल्या जातात. जन्म अकोला जिल्ह्यातील रोपरखेडा येथे, एका दलित कुटुंबात. वडील पोलीस खात्यात शिपाई होते.

सातवीत असताना, वयाच्या बाराव्या वर्षी, त्यांचे लग्न लावून देण्यात आले. मुलीचे लग्नाचे किमान वय त्या वेळच्या कायद्यानेही १५ होते. नात्यागोत्यातल्या वडीलधाऱ्यांच्या दबावापुढे तो कायदा टिकला नाही. मुंबईच्या झोपडपट्टीतील सासरी त्यांना मारहाण आणि उपासमार सोसावी लागली. काही महिन्यांनी वडील भेटायला गेले आणि मुलीची दशा पाहून तिला तिथूनच परत घेऊन आले. वडिलांचे हे पाऊल या चरित्रात फार मोलाचे आहे, कारण नांदायला पाठवलेली मुलगी परत आणणे त्या काळच्या गावात सोपे नव्हते. गावाने बोल लावले, आणि ते मुख्यतः मुलीलाच लावले. या काळात आपण जीव देण्याचा प्रयत्न केला होता आणि त्यातून वाचलो, हे सरोज यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे.

वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्या पुन्हा मुंबईला आल्या, या वेळी स्वतःच्या इच्छेने. शिवणकाम येत होते. पण होजिअरीच्या कारखान्यात विजेवर चालणाऱ्या यंत्रासमोर पहिल्यांदा बसवले तेव्हा हात चालेनात. म्हणून त्यांना दोन रुपये रोजावर तयार कपड्यांचे धागे कापायच्या कामाला लावले. बाकीच्या बाया जेवायला उठल्या की त्या मोकळ्या यंत्रावर बसून सराव करीत. काही आठवड्यांत त्या शिलाईवर गेल्या आणि पगार वाढला. पुढे वडिलांची नोकरी गेली. आईवडील आणि भावंडे कल्याणला भाड्याच्या खोलीत राहायला आली. उपचाराला पैसा नसल्यामुळे धाकटी बहीण दगावली. नोकरीवर भागणार नाही, धंदाच केला पाहिजे, हा निर्धार त्या दुःखातून झाला, असे त्या सांगतात.

धंद्याला भांडवल मिळाले ते महात्मा फुले यांच्या नावाच्या सरकारी कर्जयोजनेतून. रक्कम ५० हजार रुपये होती. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या स्वयंरोजगारासाठी राज्याने १९७८ साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन केले आहे. अशा योजनांचा लाभ घ्यायचा तर जातीचा व उत्पन्नाचा दाखला, दरपत्रके, बँकेची मंजुरी अशी कागदांची रांग लागते. सरोज यांचे पुढचे यश समजून घ्यायला हा भाग महत्त्वाचा आहे. त्यांनी ही वाट स्वतःसाठी तुडवली आणि मग बेरोजगार तरुणांची संघटना बांधून इतरांनाही दाखवली. समाजाला परत देणे त्यांच्या बाबतीत श्रीमंतीनंतर सुरू झालेले नाही. कर्ज डोक्यावर असतानाच ते सुरू झाले होते. कर्जाच्या पैशांतून त्यांनी शिवणयंत्रे घेतली आणि उल्हासनगरच्या बाजाराला धरून फर्निचरचा व्यवसाय केला.

कल्याणमधील कज्जात अडकलेली एक जमीन स्वस्तात मिळत होती. ती त्यांनी घेतली, दोनेक वर्षे कचेऱ्यांत व न्यायालयात खपून मोकळी केली आणि भागीदारीत त्यावर इमारत उभी केली. बांधकामाच्या धंद्यात एका बाईचे, त्यातही दलित बाईचे, येणे अनेकांना खुपले. जिवाला धोका झाल्यावर त्यांनी पोलिसांकडे दाद मागितली आणि पिस्तुलाचा परवाना घेतला. साखर उद्योगातही त्यांनी गुंतवणूक केली. तथापि त्यांच्या हातची खरी विद्या त्या जमिनीच्या प्रकरणात दिसते : ज्या मालमत्तेकडे कज्जेदलालीमुळे कोणी फिरकत नाही, तिची एकेक गाठ सोडवून ती कामाला लावणे.

कमानी ट्यूब्सचे प्रकरण हीच विद्या फार मोठ्या प्रमाणावर पणाला लावणारे होते. रामजीभाई कमानी यांच्या उद्योगसमूहातील ही कंपनी मुंबईत कुर्ला येथे तांबे व तांब्याच्या मिश्रधातूंच्या नळ्या तयार करीत असे. कमानी कुटुंबातील वादात १९८५ साली कारखाना बंद पडला. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कामगारांच्या सहकारी संस्थेकडे सोपवण्याची योजना मान्य केली. कामगारांनीच मोठा कारखाना चालवावा, हा भारताच्या औद्योगिक इतिहासातला मोलाचा प्रयोग होता आणि सुरुवातीला तो चांगला चाललाही. पुढे भांडवल अपुरे पडले, अंतर्गत मतभेद वाढले आणि नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात कारखाना पुन्हा थांबला. मागे राहिले ते ११६ कोटी रुपयांचे कर्ज, सुमारे १४० दावे आणि साडेपाचशेच्या आसपास कामगार.

हे कामगार २००० च्या सुमारास सरोज यांच्याकडे आले. धातूच्या धंद्यातले त्यांना काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी बँकिंग, कायदा, विपणन अशा विषयांतल्या जाणकारांचा दहाजणांचा गट बसवला. कर्जाची फोड करून पाहिली तेव्हा ध्यानात आले, की मुद्दलापेक्षा दंड आणि व्याजाचाच डोंगर मोठा आहे. केंद्रीय अर्थमंत्र्यांपर्यंत आणि बँकांपर्यंत हेच गणित मांडण्यात आले : कंपनी विकायला काढली तर कोणाच्याच हाती फारसे लागणार नाही, दंड आणि व्याज सोडले तर मुद्दल परत मिळण्याची आशा आहे. बँकांनी दंड व व्याज माफ केले आणि मुद्दलातही सूट दिली. आजारी उद्योगांसाठीच्या औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाच्या देखरेखीखालील योजनेनुसार २००६ साली सरोज कंपनीच्या अध्यक्षा झाल्या. बँकांचे देणे सात वर्षांत आणि कामगारांचे तीन वर्षांत फेडायचे होते. त्यांनी बँकांचे वर्षभरात चुकते केले. कामगारांचे तर काही महिन्यांतच दिले, आणि ठरले होते त्याहून अधिक दिले. पुढे उत्पादन पालघर जिल्ह्यातील वाडा येथे हलवण्यात आले.

बालविवाहापासून पद्मश्रीपर्यंतची कहाणी म्हणूनच सरोज यांचे चरित्र सहसा सांगितले जाते, आणि त्या भरात हा हिशेब दोन ओळींत आटोपतो. वस्तुतः त्यांच्या कर्तृत्वाचा गाभा या हिशेबातच आहे. मुंबईत गिरण्या आणि कारखाने बंद पडून त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहत होते आणि कामगार देण्यांसाठी वर्षानुवर्षे दारोदार फिरत होते, त्याच काळात एका कारखान्यातल्या कामगारांच्या हातात पैसे पडले.

२०१३ साली व्यापार व उद्योग क्षेत्रातील कामगिरीबद्दल त्यांना पद्मश्री मिळाली. दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना उभारणारे मिलिंद कांबळे यांनाही त्याच वर्षी हा सन्मान मिळाला. त्याच साली स्थापन झालेल्या भारतीय महिला बँकेच्या पहिल्या संचालक मंडळावर सरोज यांची नियुक्ती झाली; ही बँक २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. स्वतःच्या नावाच्या प्रतिष्ठानामार्फत त्या समाजकार्य करतात. कमानीच्या पुनरुज्जीवनाला आधार देणारा आजारी उद्योगांविषयीचा १९८५ चा कायदा १ डिसेंबर २०१६ पासून रद्द झाला असून अशी प्रकरणे आता नादारी व दिवाळखोरी संहितेखाली चालतात.