सोव्हिएत लष्कराशी भांडून अमेरिकेत खेळायला गेलेला आइस हॉकीपटू : स्लावा फेटिसोव्ह

आइस हॉकी आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही, त्यामुळे व्याचेस्लाव फेटिसोव्ह हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात नवल नाही. पण खेळाडूने सरकारशी भांडण मांडलं तर काय होतं, हे समजून घ्यायचं असेल तर या माणसाची गोष्ट वाचाच.

आधी थोडं खेळाबद्दल. एका संघाचे गोलकीपर धरून सहा जण बर्फावर असतात. त्यातले दोघे डिफेन्समन, म्हणजे बचावपटू. समोरच्याला गोलपर्यंत पोहोचू न देणं हे त्यांचं काम. स्लावा फेटिसोव्ह (स्लावा हे घरगुती नाव) मात्र नुसता अडवत बसायचा नाही. पक हिसकावून स्वतःच चढाई सुरू करायचा.

त्याचा जन्म 20 एप्रिल 1958 चा, मॉस्कोचा. तो सीएसकेए या क्लबकडून खेळायचा. हा क्लब सैन्यदलाचा, त्यामुळे खेळाडू कागदोपत्री सैनिक. प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव्ह यांनी त्यांना वर्षातले दहा-अकरा महिने शिबिरात डांबून ठेवलेलं असायचं. बायका-पोरांची भेटसुद्धा परवानगीने.

निकाल मात्र जबरदस्त येत होते. फेटिसोव्ह, कासातोनोव्ह, लारिओनोव्ह, मकारोव्ह आणि क्रुतोव्ह हे पाच जण एकत्र बर्फावर उतरले की समोरच्यांना पक बघायलाही मिळायचा नाही. 1984 आणि 1988 ला ऑलिम्पिक सुवर्ण, शिवाय फेटिसोव्हच्या नावावर सात जागतिक विजेतेपदं. डाग एकच, 1980 च्या ऑलिम्पिकचा. अमेरिकेच्या कॉलेजमधल्या पोरांनी या बलाढ्य संघाला 4-3 असं हरवलं होतं. ती तारीख होती 22 फेब्रुवारी. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

1983 मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी डेव्हिल्स या संघाने ड्राफ्टमध्ये फेटिसोव्हवर हक्क सांगून ठेवला. पण सोव्हिएत युनियन त्याला सोडणार कसं? त्यातच 1985 साली गाडीच्या अपघातात त्याचा धाकटा भाऊ अनातोली गेला. तो स्वतःही हॉकीपटू होता.

1988 च्या सुवर्णपदकानंतर फेटिसोव्हला जाऊ देण्याचं आश्वासन मिळालं होतं, असं तो सांगतो. ते पाळलं गेलं नाही. पळून जाणं हा एक मार्ग होता. त्याचा सहकारी अलेक्झांडर मोगिल्नी 1989 मध्ये तसाच गेला. फेटिसोव्हला मात्र पुढच्या दाराने, स्वतःच्या पासपोर्टवर जायचं होतं. वर पगाराचा मोठा वाटा सरकारी एजन्सीला द्यायलाही त्याने नकार दिला.

झालं! 1989 च्या सुरुवातीला त्याने तिखोनोव्हसाठी खेळणं थांबवलं आणि संघाची दारं बंद झाली. कालपर्यंत कर्णधार असलेल्या माणसाला सरावालाही जागा मिळेना. जिवलग मित्र कासातोनोव्हने प्रशिक्षकाची बाजू घेतली. बाकीचे मात्र मागे उभे राहिले. फेटिसोव्ह नसेल तर आम्ही जागतिक स्पर्धेत खेळणार नाही, असं त्यांनी बजावलं. त्याला परत घ्यावं लागलं, संघ सुवर्ण जिंकला आणि त्याच वर्षी तो रीतसर अमेरिकेला गेला.

तिथे गालिचा अंथरलेला नव्हता. वय 31, खेळाची पद्धत वेगळी, भाषा वेगळी, आणि 'रशियन आमच्या पोटावर पाय देतात' म्हणणारे कमी नव्हते. त्यात डेव्हिल्सने कासातोनोव्हलाही आणलं! अबोला धरलेले दोन मित्र एकाच संघात.

1995 मध्ये डेट्रॉइट रेड विंग्सने त्याला घेतलं आणि गाडी रुळावर आली. प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांनी पाच रशियनांना एकत्र खेळवलं. 1997 मध्ये डेट्रॉइटने 42 वर्षांनी स्टॅनली कप जिंकला. सहाच दिवसांनी त्यांची लिमोझिन झाडावर आदळली. फेटिसोव्ह बचावला, पण त्याचा सहकारी व्लादिमीर कोन्स्टान्तिनोव्ह पुन्हा कधीच खेळू शकला नाही. पुढच्या वर्षी संघाने परत कप जिंकला तेव्हा खेळाडूंनी कोन्स्टान्तिनोव्हला व्हीलचेअरवरून बर्फावर आणलं आणि कप त्याच्या मांडीवर ठेवला. या प्रसंगाचा व्हिडिओ नक्की शोधून बघा.

निवृत्तीनंतर फेटिसोव्ह डेव्हिल्सचा सहाय्यक प्रशिक्षक झाला. 2000 मध्ये हंगामाचे शेवटचे आठ सामने उरलेले असताना मुख्य प्रशिक्षकाला काढून लॅरी रॉबिन्सन यांना बसवलं गेलं. तेही जुने बचावपटूच. डेव्हिल्सने त्या वर्षीचा कप जिंकला. 2001 मध्ये फेटिसोव्हला हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

मग 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकसाठी तो रशियाचा मुख्य प्रशिक्षक झाला. उपांत्य फेरीत समोर अमेरिका. तारीख 22 फेब्रुवारी. अमेरिकेचे प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स, म्हणजे 1980 चेच! रशिया 3-2 ने हरला. बेलारूसला हरवून कांस्य मिळालं, तेवढंच समाधान.

त्याच वर्षी ज्या सरकारी यंत्रणेशी तो भांडला होता, तिच्याच रशियन वारसदाराने त्याच्याकडे देशाच्या क्रीडा खात्याची सूत्रं दिली. पुढे तो संसदेतही गेला.

आणि डिसेंबर 2009 मध्ये सीएसकेएचे बचावपटू जखमी झाल्यावर एका सामन्यासाठी तो पुन्हा स्केट्स बांधून उतरला. तेव्हा तो 51 वर्षांचा होता.