मृगाच्या तोंडावरचं सोलापूर

1941 सालचा जून. मृग निघायला दोन दिवस आहेत. तुम्ही साखर पेठेच्या बोळात उभे आहात. कोंबडं आरवलेलं नाही, हातमाग गप्प आहेत. अंधारातून एक कंदील हलत येतो, पाठोपाठ कुडमुड्याचा आवाज. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी. पिंगळा आलाय. झाडावरच्या पिंगळ्याची, त्या चिमुकल्या घुबडाची भाषा आपल्याला कळते, असं तो सांगतो. एक दार किलकिलं होतं. सुपातली ज्वारी झोळीत पडते आणि घराला भविष्य मिळतं.

जुन्या मिलचा भोंगा वाजतो. तुम्ही नान्नजच्या वाटेला लागता. माळ करपलाय. अचानक पायांजवळून टिटवी ओरडत उठते.

"पाव्हणं, जपून!" औत जोडणारा म्हातारा हाक मारतो. बांधावर चार अंडी, खड्यांच्याच रंगाची. "औंदा उंचावर घातल्यात. वढ्याला पानी येतंय बघा."

टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलं तर तोलून धरायला, हेही तो तितक्याच गांभीर्यानं सांगतो. कावळ्यानं घरटं बाभळीवर न बांधता आंब्यावर बांधलंय, हाही त्याच्या लेखी चांगल्या पावसाचाच शकुन. तेवढ्यात पावशा साद घालतो: पेरते व्हा! म्हातारा हात जोडतो, अंड्यांना वळसा देऊन औत पुढं हाकतो.

पावशाची वीण याच दिवसांत असते, तो सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो, म्हणून त्याची साद याच दिवसांत वाढते. म्हाताऱ्याला कारण ठाऊक नसेल, वेळ पक्की ठाऊक आहे. दूर आयर्लंडमध्येही येशूच्या रक्तानं रॉबिनची छाती लाल झाली अशी कथा आहे आणि त्या पाखराला इजा करणं अशुभ मानलं गेलं. पाऊस शकुनावर ठरत नाही, पण ज्या पाखराची गोष्ट सांगितली जाते, त्याच्याकडे माणूस निरखून पाहतो आणि त्याला जपतो.

अशा गोष्टी पक्षिशास्त्राच्या जोडीनं टिपणारे 'पक्षिकोश'कार मारुती चितमपल्ली 1932 साली याच सोलापुरात जन्मले आणि 18 जून 2025 रोजी इथंच निवर्तले. त्यांचं काम आता आपल्याकडे आलं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना टिटवीबद्दल, कावळ्याबद्दल विचारा आणि सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.