टेरेझीनच्या दोन पेट्या

चित्रकला हा पोट भरल्यानंतर सुचणारा उद्योग होय, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. शासकीय सेवेत अंदाजपत्रके चाळताना माझ्या असे अनुभवास आले आहे की, काटकसरीची वेळ आली म्हणजे चित्रकला-शिक्षकाच्या पदावर प्रथम दृष्टी जाते. या समजाची पारख करावयाची असेल, तर इतिहासातील एका भीषण स्थळाकडे वळले पाहिजे.

प्रागच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरांवर टेरेझीन नावाचे तटबंदीचे गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दुसरा जोसेफ याने ते वसविले आणि त्याला आपल्या मातेचे, मारिया थेरेसाचे, नाव दिले. नोव्हेंबर १९४१ पासून नाझी सत्तेने तेथे ज्यू लोकांना कोंडण्यास आरंभ केला. सुमारे १ लाख ४० हजार माणसे तेथे आणली गेली. त्यांपैकी सुमारे ३३ हजार भूक आणि रोग यांनी तेथेच मेली. बहुसंख्य पूर्वेकडील मृत्युछावण्यांकडे रवाना झाली. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून निरनिराळ्या वसतिगृहांत ठेवीत.

डिसेंबर १९४२ मध्ये फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या बाई तेथे आल्या. त्यांचा जन्म व्हिएन्ना येथे १८९८ साली झाला. वायमारच्या बाउहाउस या विख्यात कलाशाळेत योहानेस इटेन यांच्या हाताखाली त्या शिकल्या होत्या. बरोबर न्यावयाच्या सामानावर कडक मर्यादा होती. त्या मर्यादेतही त्यांनी चित्रकलेचे साहित्य नेले.

मुलांना रीतसर शिक्षण देण्यास तेथे बंदी होती. चित्रे काढण्याकडे मात्र कानाडोळा होई. बाईंनी या फटीचा पुरेपूर लाभ घेतला. कागद मिळेल तो वापरावयाचा : बांधणीचा जाडाभरडा कागद, कचेरीतील छापील नमुन्यांची कोरी बाजू. ठेक्यावर रेषा ओढावयाच्या, थोर चित्रकारांच्या चित्रांची रचना न्याहाळावयाची, कागदाचे कपटे चिकटवून आकृती साधावयाच्या, असा क्रम असे. मुलांना चित्रकार बनविणे हा त्यांचा हेतू नव्हता. मुलाची कल्पकता व स्वतंत्र दृष्टी जागी राहावी, एवढीच त्यांची धडपड होती. १९४३ साली त्यांनी मुलांच्या चित्रांविषयी तेथील शिक्षकांपुढे व्याख्यानही दिले. चित्रावर मुलाने आपले नाव घालावे, असा त्यांचा कटाक्ष असे. जेथे माणसाची ओळख एका क्रमांकापुरती उरली होती, तेथे या साध्या शिस्तीचे मोल केवढे असेल, हे सांगावयास नको.

मुलांनी काय रेखाटले? सुटलेले घर, जेवणाचे मेज, बागा, फुले, फुलपाखरे. आणि त्यांच्याच जोडीला तीनमजली फळ्यांचे बिछाने, अन्नासाठी लागलेली रांग. दुःख विसरण्यासाठीच ती चित्रे काढीत असे म्हणणे अपुरे होईल. जे तोंडाने सांगवत नाही, त्याला आकार देऊन ती ते आपल्यापासून हातभर अंतरावर ठेवीत होती.

सप्टेंबर १९४४ मध्ये बाईंच्या पतीस पूर्वेकडे धाडण्यात आले. त्यांच्या मागोमाग जाण्यासाठी बाईंनी आपण होऊन नाव नोंदविले. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झ येथे त्यांचा अंत झाला. पती मात्र वाचले. निघण्यापूर्वी बाईंनी सुमारे साडेचार हजार चित्रे दोन पेट्यांत भरून ठेविली होती. युद्ध संपल्यावर मुलींच्या वसतिगृहाचे प्रमुख विली ग्रोआग यांनी त्या पेट्या प्रागला पोचविल्या. आज ती चित्रे तेथील ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणारी बहुतेक मुले परतली नाहीत.

कलेने त्यांचे प्राण वाचविले नाहीत, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. परंतु बाईंची पद्धती त्यांच्याबरोबर संपली नाही. प्रागमध्ये निर्वासित मुलांना शिकविताना त्यांना साहाय्य करणारी त्यांची शिष्या एडिथ क्रामर १९३८ मध्ये अमेरिकेस गेली. न्यूयॉर्क येथे मनाने दुखावलेल्या मुलांत तिने काम केले आणि १९५८ साली त्या अनुभवावर ग्रंथ लिहिला. आज कलोपचार म्हणून जी विद्या मान्यता पावली आहे, तिच्या प्रवर्तकांत क्रामरची गणना होते.

माणसाला गाडीत घालून मरणाकडे धाडणाऱ्या राजवटीलाही कागद लागत होते. याद्या, क्रमांक, शिक्के लागत होते. तशाच कागदांच्या कोऱ्या बाजूवर मुलांनी आपली नावे लिहून ठेविली. आम्हा कागदांत वावरणाऱ्या मंडळींनी, चित्रकलेच्या पदावर काट मारण्यापूर्वी, त्या दोन पेट्यांची आठवण ठेवावी, एवढेच माझे मागणे आहे.