तोंबो : एका वहीचं नाव

आपल्या नावावर जमीन आहे की नाही हे पाहायचं, तर महाराष्ट्रात सातबारा काढतात, आमच्या बेळगावकडे उतारा आणि गोव्यातल्या मावशीकडे एक-चौदा. पण गोव्याच्या जुन्या इतिहासात याच कामाच्या वहीला एक निराळा शब्द भेटतो : तोंबो. मला आधी तो कोकणीच वाटला. पण त्याचं माहेर पार दूरचं निघालं.

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गालिसिया नावाचा प्रांत आहे. मध्ययुगात तिथली भाषा आणि पोर्तुगीज एकच होती. तिथले मठ आणि देवळं आपली दानपत्रं, सनदा, कोणत्या शेताचं काय येणं, हे सगळं चामड्याच्या पानांच्या जाडजूड ग्रंथात उतरवून ठेवत. त्या ग्रंथाला म्हणत तोंबो, स्पॅनिशमध्ये तुंबो. सांतियागोच्या कॅथेड्रलमधला ‘तुंबो ए’ 1129 मध्ये सुरू झाला. त्यात दान देणाऱ्या राजांची रंगीत चित्रं आहेत. शेत कसणाऱ्यांचं चित्र कोण काढणार? ते पिढ्यान् पिढ्या मठाला धान्याचा, दारूचा हिस्सा देत राहिले. त्या खंडाला ‘फोरो’ म्हणत, आणि तो कायमचा फेडून मोकळं होण्याचा कायदा थेट 1926 मध्ये झाला. आपल्या मुंबईच्या फोरास रोडच्या नावात हाच फोरो बसलाय, बरं का!

शब्दाच्या मुळाबद्दल दोन मतं ऐकू येतात. एक असं, की ग्रंथ इतके जड की ते उभे ठेवता येत नसत, आडवे पाडूनच ठेवत. ‘तुंबार’ म्हणजे आडवं पाडणं. गोष्ट गोड आहे, पण मला दुसरं मत पटतं. ग्रीक ‘तोमोस’ म्हणजे कापलेला तुकडा, पपायरसच्या गुंडाळीचा एक भाग. त्यावरून लॅटिन ‘तोमुस’, मग तोंबो. याच कापण्याच्या धातूला नकार लावून ‘ॲटम’ झाला : जो कापता येत नाही तो. परमाणू ऐकत वाढलेल्या आपल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

लिस्बनला राजाचं दफ्तर 1378 पासून किल्ल्याच्या एका बुरुजात होतं. त्याचं नाव ‘तोर्रे दु तोंबु’, वहीचा बुरूज. पोर्तुगीजमध्ये तोंबुचा आणखी एक अर्थ आहे, पडणं. 1755 च्या भूकंपात तो बुरूज खरोखरच पडला! कागद बाहेर काढले, दुसरीकडे हलवले, आणि राष्ट्रीय दफ्तरखान्याचं नाव आजही तेच आहे.

पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा ही वही घेऊनच आले म्हणायचं. 1526 मध्ये अफोंसो मेशियाने गावकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढले. 1554 मध्ये सिमांव बोतेल्युने वसई, चौलसकट सगळ्या मुलखाचा तोंबो केला. 1595 चा फ्रान्सिश्कु पाइशचा तोंबो पांडुरंग पिसुर्लेकरांनी 1952 मध्ये छापून काढला. मधल्या काळात देवळं पडली, आणि त्यांच्या जमिनी सरकारजमा करायच्या म्हणून त्यांच्याही याद्या झाल्या. ज्यांनी देवळं पाडली त्यांच्याच हिशेबातून आज अभ्यासक त्या देवळांची नावं शोधतात. मला याचा राग येतो आणि त्या कारकुनाचे आभारही मानावेसे वाटतात.

बायकांचं काय? गोव्याची गावकरी पुरुषांच्या वंशात चालली. लेक सासरी गेली, तिचा विषय संपला. पण हाच शब्द श्रीलंकेत गेला, आणि पोर्तुगीजांनंतर आलेल्या डचांनी अठराव्या शतकात दोन तऱ्हेचे तोंबो केले. एक जमिनीचा, शेतं-बागा मोजणारा. दुसरा माणसांचा. त्यात घरातल्या बायको, लेकी, सुना, पोरंबाळं, सगळी मांडलेली. मायेने नव्हे, कर कोणाकडून आणि वेठ कोणाकडून, हे कळावं म्हणून. तरी नावं आहेत.

वडील गेले तेव्हा मी हक्कसोडपत्रावर सही केली. सही कुठे करायची ते भावाने बोट ठेवून दाखवलं. पुढच्या उताऱ्यात माझं नाव नव्हतं.